आठ खांबांचा दात

आठवडाभर चौकात भोंगा सुरू आहे. कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी, नाटक कोणतं, आकाशपाळणा आला की नाही, हे सगळं एक ऑटोवाला दिवसभर ओरडत साकोलीभर फिरतो आणि मी खिडकी लावते, उघडते, परत लावते. नवरा विचारतो, "तुले होते काय नेमकं?" नेमकं सांगता आलं असतं तर लिहायला कशाला बसले असते.

मंडई म्हणजे काय हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. दिवाळी झाली, लवकर पिकणारा हलका धान कापून घरात आला, की झाडीपट्टीत गावोगाव एकेका दिवसाची जत्रा भरते. लेकी माहेरी येतात, घर पाहुण्यांनी भरतं, दुकानं लागतात, गावातली हौशी माणसं तोंडाला रंग लावून स्टेजवर चढतात. आणि पाहुणे जमलेच आहेत, तर लग्नाच्या गोष्टीही याच दिवसांत निघतात. "मंडईले या" या निमंत्रणात "आमची पोरगी पाहून घ्या" हे निम्म्या वेळा न बोलता असतंच.

मला एका मंडईपुरतंच बोलायचं आहे. जिल्हा नुकताच तुटला होता. गोंदिया वेगळं झालं आणि आमगावची मावशी एका रात्रीत परजिल्ह्यातली झाली, त्यावरून घरात महिनाभर चेष्टा चालली. भूगोलाच्या सरांनी आम्हाला भंडाऱ्याचा नकाशा नव्याने काढायला लावला. मी जुन्याच नकाशाची उजवी बाजू खोडरबराने पुसून वेळ मारून नेली. मी दहावीत होते. ताई, म्हणजे माझी मोठी बहीण संगीता, बावीस वर्षांची. तिचं लग्न जुळायचं होतं आणि आईचे डोळे जात होते. पहिलं व्हावं म्हणून दुसरं लपवायचं असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे आई आणि मी. बाबांना अर्धं माहीत होतं, ताईला काहीच नाही.

आमचं घर मोहाडीला. बाबा कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणायचे. घरात दोन माग, त्यांची खटखट सकाळी सुरू व्हायची ती जेवणापुरती थांबायची. त्या आवाजात वाढलेल्या माणसाला शांतता सोसत नाही, हे माझं माझ्याबद्दलचं निदान आहे. आईचं निदान साधं होतं. "या पोट्टीच्या पायाले भिंगरी आहे," एवढं बोलून ती मोकळी व्हायची.

आई आंधळगावची. मोहाडीहून जवळच असलेलं हे विणकरांचं गाव. तिथल्या करवती काठाच्या साड्या चांगल्या चांगल्यांच्या पेट्यांत आहेत, पण नावाला काय करणार. नवी सून म्हणून आई आली तेव्हापासून तिला तो एकच विनोद ऐकावा लागला. "कुठची सून?" "आंधळगावची." "मंग दिसते ना बराबर?" आई हसून सांगायची, "तुमच्याहून दोन धागे जास्त दिसते." आणि ते खरंही होतं. बाबांच्या काठात एखादा धागा चुकला तर बाबांच्या आधी आईला दिसायचा.

मागावर बसायला तिला कधी मिळालं नाही. बायकांनी कांड्या भरायच्या, ताणा लावायला मदत करायची, मागावर पुरुषांनी बसायचं, अशी आमच्या घरची रीत होती. तिने मग आपली सगळी ईर्षा क्रोशाच्या सुईत ओतली. करवती काठ म्हणजे करवतीच्या दात्यांसारखे त्रिकोण ओळीने बसवलेला काठ. तो तिने क्रोशाच्या लेसमध्ये आणला. कुठल्या पुस्तकात नव्हता, कुणी शिकवला नव्हता. तळाशी नऊ खांब, त्यावर आठ, मग सात, असं कमी होत टोकाला एक. झाला एक दात. दोन दातांच्या मध्ये एक मुका खांब. क्रोशा विणणाऱ्या बायकांना हे शब्द सांगायला नकोत. खांब उभा दिसतो. मुका खांब हा बुटका टाका, दिसेल न दिसेल असा, पण तो चुकला तर पुढचं सगळं सरकतं.

त्या दिवाळीआधी आईने एक रुमाल काढला होता. लग्नात रुखवत मांडतात ना, नवरीच्या हातच्या वस्तूंचं, त्यातल्या ताटावर झाकायचा. मधे कोशाचं कापड, चारी बाजूंनी शिवायच्या दोऱ्याहून बारीक पांढऱ्या दोऱ्याची करवती लेस. रुखवतातलं काम नवरीचंच असतं असं सगळे म्हणतात आणि ते तिच्या आईने, मावशीने, शेजारणीने केलेलं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. ताईला क्रोशा येत होता, पण तिचे दात हलायचे. कुठे नऊ, कुठे दहा. "तुह्या काठानं लाकूडबी नाही कापलं जाणार," आई म्हणायची आणि स्वतःच विणत बसायची.

भिंग बाबांचं होतं. साडी मागावरून उतरली की बाबा तिचा काठ उजेडात धरून त्या मुठीच्या भिंगाने तपासायचे. आईने ते मागून घेतलं. "दोरा लय बारीक आहे," एवढंच कारण सांगितलं. पण क्रोशाला दोन्ही हात लागतात. एका हातात सुई, दुसऱ्या हाताच्या बोटांवर दोरा. भिंग धरायला तिसरा हात पाहिजे, आणि तो मी.

जगातली सगळ्यात अस्वस्थ पोरगी त्या कामाला बसवली होती. शाळेतून आले की अंगणात बाजेवर आईच्या डाव्या हाताला बसायचं आणि तिच्या सुईवर भिंग धरायचं. जरा हात हलला की त्यातला दोरा माकडासारखा उडी मारायचा. "हलू नोको, वैशू." पायाला मुंगी चावली. "हलू नोको." गल्लीतून शिंगाडेवाली गेली. "हलू नोको म्हणलं ना." शिंगाड्यांचेच दिवस होते ते. उकडलेले शिंगाडे सोलून बोटं काळी व्हायची आणि पांढऱ्या दोऱ्याजवळ बसण्याआधी आई माझी बोटं हुंगून बघायची. बघायची नाही, हुंगायचीच. तेव्हाच काही कळायला हवं होतं.

भिंगातून जग फार सुंदर दिसतं, हे मात्र मला कबूल आहे. दोऱ्याचे तीन पदर वेगळे दिसायचे. सुईचा आकडा गळासारखा मोठा. आईच्या अंगठ्याच्या चिरा, त्यात अडकलेला कोशाचा तपकिरी तंतू. आणि सावकाश, न चुकता उभे राहणारे खांब. एक, दोन, तीन, नऊ. मी मनात मोजायचे आणि आई ओठांनी. आमचे आकडे जुळले की मला उगाचच बरं वाटायचं. एवढं सगळं दिसत होतं तिला. म्हणून मी स्वतःला समजावत होते की तिला दिसतं.

आणि दुसरीकडे, बाजेवर तिच्या डाव्या हाताला ठेवलेला चहाचा पेला तिने त्या महिन्यात तीनदा सांडला. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. वाढताना ताटाच्या कडेचं लोणचं तिला सापडायचं नाही. संध्याकाळी कपाळ दुखायचं, बाम चोळून ती पडून राहायची. एकदा दिवा लावला तेव्हा म्हणाली, "वैशू, बल्बाले काठ लागला वं."

"कसा काठ?"

"रंगीत. गोल. तांबडा, हिरवा. लय साजरा दिसते." 

विणकराच्या घरातली बाई. दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं तर ती घाबरली नाही, तिने त्याला काठ म्हटलं. मीही मान वर करून बघितलं. मला काही दिसलं नाही आणि मला तिचा हेवा वाटला. हे आठवलं की आजही मी असेन तिथून उठते आणि घरात उगाच दोन फेऱ्या मारते.

आईच्या आईला, म्हणजे आमच्या नानीला, मोतीबिंदू झाला होता. तो पिकेपर्यंत वाट पाहिली, मग काढला, नानी पुढे दहा वर्षं तांदूळ निवडत होती. त्यामुळे आमच्या घरात डोळ्याचं दुखणं म्हणजे मोतीबिंदू आणि त्याचा इलाज म्हणजे थांबणं. "पिकू दे, मंग पाहू," आई म्हणायची. आजूबाजूला सगळीकडे धान पिकत होता, त्याला थांबतोच ना आपण, तसं. कुणा डॉक्टरने सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. आम्हीच आमचं ठरवलं.

पण मग लपवायचं कशाला? त्याला कारण होतं. त्याआधीच्या उन्हाळ्यात ताईची एक सोयरीक जवळजवळ ठरली होती आणि मोडली. का मोडली ते मध्यस्थाने सांगितलं. मुलाकडचं कुणीतरी बोललं होतं, "आजी आंधळी, गाव आंधळगाव, पोरगी किती दिवस पाहीन?" नानीचा मोतीबिंदू लोकांच्या तोंडी आंधळेपण झाला होता. पंचवीस वर्षं ज्या विनोदाला आई हसत होती तो विनोद त्या दिवशी घरात येऊन बसला. ताई दोन दिवस जेवली नाही. आईने तेव्हा जे मनाशी ठरवलं ते मला दिवाळीत कळलं, भिंग धरता धरता.

"लाखनीचे पाहुणे ताईले पाहाले मंडईले येतीन," ती म्हणाली. "त्यांच्यापुढं भिंग दिसाले नोको. आणि बाबाले, ताईले काही सांगू नोको."

"काय सांगू नको?"

"जे तुले दिसून राहिलं ते."

म्हणजे तिला माहीत होतं की मला दिसतंय. मी हो म्हटलं. सोळा वर्षांच्या पोरीला गुपित मिळालं की ती आधी मोठी होते आणि मग घाबरते. मी आधी मोठी झाले.

त्याच आठवड्यात शाळेत सूचना आली. डोळे तपासायचं शिबिर, एकच दिवस, शाळेच्याच वर्गांत, मोठ्या गावचे डॉक्टर येणार. घरी कुणाला त्रास असेल तर नावं द्या. मी नाव दिलं. वहीचं पान फाडून आईचं पूर्ण नाव, वय बेचाळीस, त्रास या रकान्यात काय लिहावं कळेना, तर "बाजूचं दिसत नाही" असं लिहिलं. सरांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "घेऊन येजो त्यांना. नक्की."

शिबिर आमच्या मंडईच्याच दिवशी होतं. आईला सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे होती. पहिल्यांदा ती रागावली नाही, हे मला स्पष्ट आठवतं. थोडा वेळ ती खरंच विचार करत होती. मग म्हणाली, "शाळेत अख्खं गाव राहीन. लाखनीवाले त्याच रस्त्यानं येतीन. पाहुण्यांच्या दिवशी घरची बाई डोळे दाखवाले लायनीत उभी. कसं दिसन ते?" 

"पण आई, एकच दिवस आहे."

"मंडई झाली का जाऊ. भंडाऱ्याले जाऊ, मोठ्या दवाखान्यात. दोघी जाऊ." मला खूश करायला तिने पुढे जोडलं, "तुले बांगड्या घेऊन देतो."

मी अजून एकदा म्हणायला हवं होतं. बाबांना सांगायला हवं होतं. ताईने मला त्याच दिवशी धुणं वाळत घालताना विचारलं, "आईले दिसते ना वं बराबर? परवा माह्या पायावर पाय देला तिनं." आणि मी म्हणाले, "दिसते. भिंगातून तर धाग्याचे पदर दिसते तिले." त्या उत्तरात एक शब्द खोटा नव्हता. तरी मला ते उत्तर अजून पचलेलं नाही.

मंडईची सकाळ. घरात पोह्यांच्या फोडणीचा वास, अंगणात नव्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा. माग त्या दिवशी बंद होते, त्यामुळे मला आणखीच कसंतरी होत होतं. रुमालाच्या चौथ्या बाजूचे शेवटचे दोन दात राहिले होते. भिंग मी आदल्या दिवशीच धानाच्या कोठीत, पार खाली खुपसून ठेवलं होतं. आई सुई घेऊन दारातल्या उजेडात बसली. एक दात झाला. दुसऱ्याला तिने मला हाक मारली. "पाच मिनिटं आण ना. एवढा एक करून घेतो."

तेवढ्यात बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. आमच्या दारात नव्हती थांबली, दोन घरं पुढे, ते मला कळलं होतं. पण कोठीत हात घालायचा, धान सांडणार, माझी नवी ओढणी मळणार. मी म्हणाले, "पाहुणे आले आई. आता नाही." तिने नुसत्या बोटांच्या अंदाजाने तो दात विणला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि रुमाल घडी करून ठेवला. अर्ध्या तासाने खरे पाहुणे आले.

लाखनीला हमरस्त्यावर त्यांचं कापडाचं दुकान. मुलगा, त्याचे वडील आणि मुलाची आई. ही बाई जाडजूड, जाड काचांचा चष्मा, आवाज असा की रस्त्यावरच्या ट्रकांच्या वर बोलायची सवय लागलेली. ताईला तिने दोन प्रश्न विचारले आणि मग तिचं लक्ष पोह्यांच्या ताटावर आम्ही मुद्दाम झाकलेल्या रुमालाकडे गेलं. पोहे राहिले बाजूला. तिने रुमाल उचलला, उलटा केला, सुलटा केला. 

"हे करवतीचं काम क्रोशात? कोणं केलं?"

"पोरीनं," आई म्हणाली. आम्ही सगळेच जरा जास्त जोरात हसलो.

"थांबा," ती बाई म्हणाली आणि तिने पिशवीत हात घातला. चष्म्याचं घर काढलं, पानाचा डबा काढला, आणि मग काढलं भिंग. मुठीचं. बाबांच्या भिंगाहून मोठं. "मीबी विणतो ना," ती म्हणाली, "पण याच्याशिवाय काही दिसत नाही बाप्पा. आमच्या घरी खुंटीले टांगून राहते हे. भिंगाबिगर एवढं बारीक काम कोणाच्यानं होते?"

मी आईकडे बघितलं. आई समोर भिंतीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ज्या वस्तूला आम्ही धानाच्या तळाशी पुरलं होतं ती वस्तू पाहुणीने सगळ्यांसमोर उघड्यावर धरली होती आणि कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं. मला हसू येत होतं आणि रडूही, आणि मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी होते.

ती बाई दात मोजायला लागली. खरंच, एकेक दात, बोट ठेवून. एक बाजू, दुसरी, तिसरी. चौथ्या बाजूच्या टोकाला तिचं बोट थांबलं. "हा दात आठ खांबांचा आहे," ती म्हणाली. "बाकी समदे नऊ."

बाबांनी खाकरून गळा साफ केला. ताई पांढरी पडली. बाहेर मंडईचा भोंगा चालला होता. आणि मग ती बाई गडगडून हसली. "म्हंजे पोरीनंच केलं. मायनं केलं असतं तं चूक नसती राहिली. नाही तं सगळे मायच्या हातचं आणून ठेवते अन् पोरीचं सांगते." ताईच्या हनुवटीला हात लावून ती म्हणाली, "खरी आहे पोरगी तुमची."

सोयरीक त्याच बैठकीत ठरली. आई सगळ्यांत मोठ्याने हसली. त्या संध्याकाळी आमच्या घरात जेवढा आनंद होता तेवढा मी नंतर क्वचितच बघितला. मंडईत मला जिलेबी मिळाली, बांगड्याही मिळाल्या. शाळेवरून गेलो तेव्हा शिबिराचे लोक टेबलं आवरत होते आणि सरांनी मला बघितलं. मी मान दुसरीकडे फिरवली.

मंडई झाली का जाऊ, हे आई विसरली नव्हती. पण मंडई झाली आणि लग्नाची तयारी निघाली. लग्न झालं का जाऊ. लग्न उन्हाळ्यात झालं, रुखवतात रुमाल मिरवला. मग ताईचं पहिलं माहेरपण. मग धानाची रोवणी, बाया मिळत नाहीत. मग पुन्हा दिवाळी यायला लागली आणि एका सकाळी आई विहिरीच्या काठाला अडखळून पडली, कारण काठ तिला दिसलाच नव्हता. तेव्हा बाबांनी तिला नागपूरला नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं.

आईने विचारलं, "पिकला का?"

डॉक्टर म्हणाले, "हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. याला पिकू द्यायचं नसतं. जेवढं गेलं तेवढं परत येत नाही. राहिलेलं वाचवायला बघू." 

मोती आणि काच. दोन्ही बिंदूच. आमच्या घरात एकच शब्द माहीत होता आणि तो चुकीचा होता. काचबिंदू कडेकडेने खात येतो, मधलं शेवटपर्यंत ठेवतो, असं त्यांनी कागदावर गोल काढून दाखवलं. मला माझा खोडरबराने पुसलेला नकाशा आठवला. भिंगाच्या वर्तुळात आईला शेवटपर्यंत सगळं दिसत होतं. त्या वर्तुळाच्या बाहेरचं जात होतं, आणि बाहेर बघायचं काम माझं होतं. राहिलेलं काही वर्षं टिकलं, मग तेही गेलं.

आता आई माझ्याकडे असते, साकोलीला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ती अजून विणते. जाड दोरा, मोठी सुई, बोटांनी चाचपत. मुका खांबसुद्धा तिच्या बोटांना कळतो. मी तालुक्याच्या कचेरीत कामाला आहे. जुन्या, हाताने लिहिलेल्या नोंदी वाचून नकला काढून द्यायच्या. पुसटलेली अक्षरं, त्यामुळे माझ्या टेबलावर भिंग आहे. दांडीवर बसवलेलं, दिव्याचं, कुणाला धरावं लागत नाही. लोक म्हणतात मॅडमला सगळं दिसतं.

गेल्या महिन्यात हमरस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याला मला काठ दिसला. तांबडा, हिरवा. फार साजरा.

मी कुणाला सांगितलं नाही. लेकीच्या डोळ्यांत हे उतरू शकतं, दरवर्षी तपासून घ्या, असं नागपूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. काही वर्षं मी जायचे. मग काम, मग घर, मग पुढच्या महिन्यात. त्या काठानंतर मी जास्तच जोरात भांडी घासायला लागले, रोज नवीन कपाट आवरायला काढलं. माझ्यासारख्या माणसाचं हे बरं असतं, घाबरलेलं कुणाला ओळखू येत नाही.

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी आईजवळ चहा ठेवला, स्वतःचा पेला बाजूला ठेवला आणि हात लागून सांडला. आई विणत होती. तिची सुई थांबली.

"कोण्या बाजूचा होता?"

"काय?"

"पेला. कोण्या बाजूले होता?"

मी फरशी पुसायला लागले. "डाव्या," म्हणाले.

"डोळे कधी दाखवले होते?"

"जाईन ना आई. मंडई झाली का जाईन."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि आम्हा दोघींनाही ते ऐकू आलं. आईने दोरा गुंडाळला, सुई त्यात खोचली. "उद्या सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे?" ती म्हणाली. "मीबी येतो."

भंडाऱ्याच्या दवाखान्यात एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावतात. समोर मधोमध बघायचं, नजर हलवायची नाही, कडेला बारीक उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी न दिसताही दाबत होते. तिथली मुलगी म्हणाली, "ताई, दिसेल तेव्हाच दाबा. घाई नका करू." मग मी खांब मोजल्यासारखे ठिपके मोजायला लागले. काही आले. काही यायला हवे होते, नाही आले. डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, काचबिंदूच आहे, पण सुरुवात आहे, थेंबांवर थांबेल, वेळेवर आलात. मी खुर्चीतच रडायला लागले. त्यांना वाटलं मी घाबरले. मला एवढंच वाटत होतं की हे शेवटचे दोन शब्द बाजूला बसलेल्या बाईला कुणीतरी म्हणायला हवे होते.

परतताना लाखनीला उतरलो, ताईकडे. तिची सासू आता नाही, तिचं भिंग अजून खुंटीला आहे. ताईने आपणहून तो रुमाल काढला, मंडईच्या दिवसांत ती तो काढतेच. आईने मांडीवर घेतला आणि कडेने बोट फिरवत गेली. चौथ्या बाजूच्या टोकाला बोट थांबलं.

"हा," ती म्हणाली. "आठाचा."

मग मी सांगितलं. इतकी वर्षं न सांगितलेलं. की तेव्हा जीप आपल्या दारात नव्हती. की भिंग काढायचा मला कंटाळा आला होता. की तो दात माझ्यामुळे आखूड राहिला.

"नाही वं," आई म्हणाली. "भिंग असतं तरी चुकलाच असता. कडेचा खांब मले दिसतच नोता. तवाच समजलं होतं मले." मग बोट तिथंच ठेवून म्हणाली, "शिबिरात नाव तू टाकलं होतं. गेली नाही ते मी."

ताईने ते पहिल्यांदाच ऐकलं. तिने रुमाल आपल्याकडे ओढला आणि तो दात स्वतः मोजला. मला हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. सोळा वर्षांची ती पोरगी अजून शाळेसमोरून मान फिरवून जाते, आणि तिला थांबवायला मला जमत नाही.

रोज दिवेलागणीला एक थेंब, दोन्ही डोळ्यांत. पहिल्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून टाकत होते आणि चार थेंब गालावर गेले. पापणी मिटते, हात हलतो, माझं सगळंच हलतं. आईने ते ऐकलं, कसं ते तिलाच माहीत. "आण इकडे," म्हणाली. 

आता रोज ती बाजेवर बसते आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवते. चौकात भोंगा ओरडत असतो. ती डाव्या हाताच्या दोन बोटांनी माझी पापणी उघडते, अंगठ्याने नाकाचं टोक शोधते, तिथून डोळ्याचा कोपरा मापते, आणि बाटली धरते. तिला मी दिसत नाही. मला तिचे डोळे अगदी जवळून दिसतात, भिंगातून दिसावेत तसे.

"हलू नोको, वैशू," ती म्हणते.

मी हलत नाही.